देवगिरीवर नेमकं राज्य कोणाकोणाचं होतं?

यादवांचं तर होतंच, पण तेवढ्यावर थांबू नका. १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजीने लुटलं, पुढे १३१८ मध्ये यादव संपले, मग १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानीच दिल्लीहून इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद, तो प्रयोग फसला ते सगळ्यांना माहीतच आहे. १३४७ ला बहमनी, नंतर निजामशाही, १६३३ पासून मुघल. गेलात तर आतली जुनी मशीद नीट बघा, खांब सरळसरळ देवळांचे आहेत आणि आता तिथे भारतमातेची मूर्ती आहे, म्हणजे एकाच छताखाली अख्खा इतिहास! चांदमिनार बहमनींचा. चिनी महालात औरंगजेबाने गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान तानाशाह याला कैदेत ठेवलेलं. मेंढा तोफ चिनी महालाजवळच्या बुरुजावर आहे, आणि पुढे गड चढताना दम निघतो.