३००पैकी ६४ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ८८ टक्के मिळाले म्हणून इंटिग्रेटेडला घातलं. कॉलेज नावापुरतं, सगळं क्लासमध्येच. जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची, दोन वर्षांची बॅच. फीचा पहिला हप्ता भरून झालाय. गेल्या चाचणीत ३००पैकी ६४ आले. साडेसातच्या क्लाससाठी पावणेसहाला उठतो, रात्री एकपर्यंत जागा असतो, पण त्यातला निम्मा वेळ मोबाइल. दुपारी मेल्यासारखा झोपतो. खाली क्रिकेटला जाणं बंद केलंय. परवा म्हणाला, "माझ्याकडून हे होणार नाही." हे म्हणतात, वयच तसलं असतं, लक्ष देऊ नको. जाऊबाई म्हणतात, पोरगा हातचा गेला. मोबाइल काढून घेऊ का? की सायन्सच सोडायला लावू?
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, तुमच्या घरी दोन निकाल आधीच लागलेत. एक 'वयच तसलं', दुसरा 'हातचा गेला'. दोन्ही सोयीचे आहेत, कारण दोन्हींत मुलाला काही विचारावं लागत नाही. सोळा वर्षांच्या मुलाकडे आपल्याकडे असंच बघतात : लग्नात भेटला की टक्के विचारायचे आणि ट्रेनमध्ये दिसला की 'आजकालची पोरं'. तूर्त हे बाजूला ठेवू आणि तुम्ही दिलेले आकडे बघू. ते जास्त बोलतात.

रात्री एक ते पहाटे पावणेसहा म्हणजे पावणेपाच तास झोप. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास लागतात. आठ धरले तरी रोज सव्वातीन तासांची तूट, सहा दिवसांत जवळपास २० तास. दुपारची ती मेल्यासारखी झोप आळसाची नाही, ही थकबाकी वसूल होतेय. त्यात या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं. म्हणून दहाला दिवा मालवला तरी तो टक्क जागा राहील, आणि तुम्हाला वाटेल मुद्दाम करतोय. अपुऱ्या झोपेत दिवसभर शिकलेलं पक्कं होत नाही आणि चिडचिड वाढते. उपाय साधा आहे, पण तो सगळ्या घराने पाळायचा : अकराला अंथरुणात, दुपारी चारच्या आत अर्ध्या तासाची डुलकी (गजर लावून), रविवारी फार तर आठपर्यंत झोप. तरीही पूर्ण आठ तास या वेळापत्रकात बसणार नाहीत. पण पावणेपाचाचे पावणेसात झाले तरी दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

मोबाइल हिसकावू नका. रात्री अकरा ते एक हा त्याच्या दिवसातला एकच वेळ असा आहे, जेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. दोन खोल्यांच्या घरात त्याला दुसरा आडोसाही नसतो. तो वेळ संध्याकाळी परत द्या : जेवणाआधी पाऊण तास, मोबाइल असो की क्रिकेट, 'अभ्यास झाला का' न विचारता. मग रात्री चार्जर स्वयंपाकघरात, तुमचा आणि त्याच्या बाबांचाही. फक्त त्याचा ठेवायला सांगितलात तर चार दिवसही टिकणार नाही.

आता ६४. जेईई मेनच्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ७५ प्रश्न; बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. १६ बरोबर आणि एकही चूक नाही, तरी ६४ येतात. १९ बरोबर आणि १२ चूक, तरी ६४च. पहिला मुलगा येतं तेवढंच सोडवून घाबरून थांबतो. दुसरा अंदाजाने गोळे भरतो. दोघांचे आजार वेगळे, औषधं वेगळी, आणि क्लासच्या मेसेजमध्ये मात्र दोघांपुढे एकच आकडा येतो. म्हणून शेवटच्या तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढायला लावा. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्यानेच एक अक्षर लिहायचं : 'न' म्हणजे धडाच समजला नव्हता, 'घ' म्हणजे येत होतं पण घाईत चुकलं, 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही, 'अं' म्हणजे अंदाज मारला. विषयवार बेरीज करा. तुम्ही शेजारी बसू नका, बेरीज झाल्यावर बघा. मॅथ्समध्येच 'न' साचले असतील तर बहुधा दहावीच्या बीजगणित-त्रिकोणमितीचा पाया कच्चा आहे, आणि अकरावीचे नवे धडे घोकून तो भरणार नाही. 'घ' आणि 'अं' जास्त असतील तर आधी झोप सुधारा, मग पुढचे तीन पेपर 'खात्री नसेल तर सोड' या एका नियमाने देऊ द्या.

नातेवाइकांच्या तुलनेबद्दल एक गोष्ट कळलेली बरी. अमक्याच्या मुलाला ९२ आले म्हणतात तेव्हा ते टक्के नसतात, पर्सेंटाइल असतात : त्या सत्रात बसलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं त्याच्या बरोबरीने किंवा खाली आहेत, एवढाच अर्थ. तुमच्या मुलाच्या ६४ गुणांशी ते ताडून बघणं म्हणजे किलोची लिटरशी तुलना. स्टेशनबाहेरच्या क्लासच्या फ्लेक्सवर टॉपर झळकतात; त्याच बॅचमध्ये एकूण किती बसले होते, हे तिथे छापलेलं नसतं. क्लासवाल्यांना प्रत्यक्ष भेटाल तेव्हा नेमकं तेच विचारा.

सायन्स आत्ता सोडू नका, पण जेईई सोडायला हरकत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. बारावी सायन्स करून बीकॉम, बीए, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम (त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, वेगळी), यूसीड या प्रवेश परीक्षेतून डिझाइन, सगळीकडे जाता येतं. बारावी कॉमर्सवरून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. इंजिनिअरिंगच हवं असेल तर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे पन्नास दोन-दोन गुणांचे, एकूण २००, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भाग अकरावीचा, बाकी बारावीचा. अंदाज मारताना घाबरणाऱ्या मुलाला हा पेपर पुष्कळ मोकळा जातो. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणची वाट याच परीक्षेतून जाते. अर्थात स्पर्धा तिथेही दांडगी आहे, सोपं काही नाही.

मात्र त्याला विषयच नकोसे झालेत की फक्त चाचण्या, हे आधी शोधा. 'तुला काय व्हायचंय' असं विचारू नका, त्याचं उत्तर या वयात बहुतेकांकडे नसतं. 'तिन्हींपैकी कुठलं पुस्तक कुणी न सांगता उघडावंसं वाटतं?' असं विचारा. एकही नाही, आणि दोन महिने नीट झोपूनही नाही, तर सायन्स सोडण्याचं बोलणं खुशाल काढा.

एका गोष्टीकडे इंटिग्रेटेडची मुलं हटकून दुर्लक्ष करतात : बोर्ड. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ७० लेखी अधिक ३० प्रात्यक्षिक असतं. क्लासमध्ये प्रयोगशाळा बहुधा नसते, जर्नल शेवटच्या महिन्यात उतरवून काढलं जातं आणि परीक्षक साधं रीडिंग घ्यायला सांगतात तेव्हा मुलगा गोंधळतो. जेईई मेनवरून प्रवेश मिळतो त्या एनआयटीला (केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना) खुल्या गटात बारावीचे ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा लागते. जेईईत चांगले गुण मिळवून इथे अडकलेली मुलं असतात. कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकांच्या तारखा लिहून आणा.

'होणार नाही' हे त्याचं वाक्य आणि बंद झालेलं क्रिकेट, ही जोडी मला चाचणीच्या गुणांपेक्षा महत्त्वाची वाटते. पंधरा दिवसांहून जास्त काळ आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, जेवण घटलं असेल, किंवा 'मी नसतो तर बरं' असं काही तो बोलला असेल, तर सरळ विचारा : जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणाला तरी सांगता आलं म्हणून ओझं उतरतं. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. परळचं केईएम, शीव, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. घरात वाट बघत बसू नका, आणि जाऊबाईंना कळवायची काही गरज नाही.

राहिली फी. 'एवढे पैसे भरलेत, आता कसं सोडणार' या वाक्याने किती मुलं दोन वर्षं नको त्या बॅचमध्ये बसून राहतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असं आहे. या सूचना आहेत, कायदा नव्हे. तेव्हा क्लासवाले सहजासहजी मानतील असं धरू नका. पण दुसरा हप्ता भरण्याआधी हे सगळं त्यांच्यापुढे ठेवा. बॅच सोडायची ठरली तर तोंडी सांगू नका. अर्ज द्या, त्यावर तारीख घाला, पावत्यांच्या झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे ही पोच मागतील.