पडदा काळा, पावती कच्ची: रिसीव्हरचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न: वकीलसाहेब, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, नोकरी अंबडला. दिवाळीत हॉलमध्ये होम थिएटर करायचं ठरवलं. नाशिकपेक्षा स्वस्त पडेल म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर बोललो. त्याला स्पष्ट लिहिलं होतं, की घरात ४ ओहमचे टॉवर स्पीकर आहेत, छतात दोन स्पीकर लावून ॲटमॉस (वरूनही येणारा आवाज) हवं आहे आणि मुलाचा गेमिंग कन्सोल ४के १२० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला १२० चित्रं) चालला पाहिजे. त्यानंच रिसीव्हरचं (स्पीकर, टीव्ही आणि कन्सोल ज्याला जोडतात त्या यंत्राचं) एक मॉडेल सुचवलं आणि लिहिलं, 'सगळं चालेल, ४के १२० पण चालेल, १०० वॉट आहे, तीन वर्षं वॉरंटी, डोळे झाकून घ्या.' ९२ हजार ठरले. ७० हजार यूपीआयनं दिले, २२ हजार भावानं दुकानात रोख दिले. जीएसटी वाचेल म्हणून पक्कं बिल न घेता 'एस्टिमेट' लिहिलेली पावती घेतली, त्यावर ९२ हजार मिळाल्याचं लिहिलंय. आता कन्सोल रिसीव्हरमधून लावून १२० वर टाकला की पडदा काळा होतो. आवाज वाढवला की रिसीव्हर आपोआप बंद पडतो (तो टीव्हीखालच्या कपाटात ठेवलाय). १०० वॉटचा दम तर जाणवतच नाही. आठवड्याभरातच दुकानदाराला मेसेज करून तक्रार केली होती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, या मॉडेलला १२० हर्ट्झची सोयच नाही, शिवाय हा सेट भारतात विकण्यासाठीचा नाही, म्हणून वॉरंटी नाही. दुकानदार म्हणतो, खोकं उघडलं की माल परत नाही, आणि पावतीवर 'वाद मुंबई न्यायक्षेत्रात' असं छापलंय, यायचं तर मुंबईला या. काय करू?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत: काळा पडदा, न मिळालेली वॉरंटी, आपोआप बंद पडणं आणि कमी वाटणारा आवाज. पत्रात चारही सारख्याच जोरानं आल्या आहेत. ग्राहक आयोगापुढे तसं करू नका. पहिली भक्कम आहे, दुसरी चांगली आहे, तिसरी सिद्ध करायला अवघड आणि चौथी सोडून द्यावी अशी. कमजोर तक्रारी जोडल्या की समोरचा वकील सगळं उत्तर त्यांच्यावरच देतो आणि भक्कम मुद्दा मागे पडतो.

आधी मुंबईची भीती काढून टाकू, कारण दुकानदार तिच्यावरच विसंबून आहे. दर तारखेला पंचवटी एक्सप्रेस पकडून कोण येणार, असा त्याचा हिशोब. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही राहता नाशिकला, काम करता नाशिकला, तेव्हा तक्रार नाशिकच्या आयोगातच करा. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही मुभा नव्हती, म्हणून जुन्या पावत्यांवरची ती ओळ अजून छापली जाते. कायद्यानं दिलेला हक्क पावतीवरच्या छापील ओळीनं जात नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्कही नाही. वकील नेमलाच पाहिजे असंही नाही. कागद नीट असतील तर तुमच्यासारखं प्रकरण ग्राहक स्वतः चालवू शकतो.

आता काळा पडदा. तुमच्या जागी दुसरा कोणी दुकानात जाऊन 'अमुक कंपनीचं तमुक मॉडेल द्या' म्हणाला असता आणि घरी आल्यावर ते कन्सोलला चाललं नसतं, तर मी त्याला फारशी आशा दाखवली नसती. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ चा मूळ नियम असा, की वस्तू आपल्या कामाची आहे की नाही हे खरेदीदारानं बघायचं. त्याच कलमात अपवाद आहे. खरेदीदारानं आपली गरज विक्रेत्याला सांगितली, त्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली आणि विक्रेता त्याच मालाचा धंदा करणारा असला, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. मात्र व्यापारी नावानं मागून घेतलेल्या वस्तूला हा अपवाद लागत नाही. तुम्ही नाव घेऊन काहीच मागितलं नाही. गरज लेखी कळवलीत आणि मॉडेल त्यानं निवडलं. रिसीव्हर निवडण्याची जबाबदारी त्या मेसेजनं त्याच्याकडे गेली. तुमचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

दुकानदार म्हणेल, 'मशीन तर उत्तम चालतंय, दोष कुठे आहे?' याला उत्तर ग्राहक कायद्याच्या कलम २(१०) मध्ये आहे. मालात दोष म्हणजे नुसता बिघाड नव्हे. व्यापाऱ्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत मालाच्या गुणवत्तेत किंवा दर्जात जी उणीव असेल, तीही दोषच. रिसीव्हर धडधाकट आहे, तरी दाव्याप्रमाणे नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत सदोष आहे. आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही आठवड्याभरात मेसेज केलात हे फार बरं झालं. 'खोकं उघडलं की परत नाही' हे उत्तर मन बदललेल्या ग्राहकाला देता येईल, तुम्हाला नाही.

त्याच्या मेसेजमधला प्रत्येक शब्द मात्र सारख्या वजनाचा नाही. 'डोळे झाकून घ्या' ही मालाची तारीफ झाली, तिच्यावर दावा उभा राहत नाही. '४के १२० पण चालेल' हे तपासून पाहता येण्यासारखं विधान आहे. तक्रारीत दुसरं वाक्य जसंच्या तसं उतरवा, पहिल्यावर शाई खर्च करू नका.

पुराव्यासाठी दोन गोष्टी आताच करा. कन्सोल थेट टीव्हीला लावून १२० हर्ट्झवर चित्र येतं का ते बघा आणि त्याचा सलग व्हिडिओ घ्या. मग तीच अल्ट्रा हाय स्पीड केबल रिसीव्हरला लावून काळा पडदा दाखवा. म्हणजे टीव्ही किंवा केबल खराब आहे, ही पळवाट बंद झाली. दुसरं, कंपनीच्या मॅन्युअलमधलं एचडीएमआयचं (चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलच्या जोडणीचं) पान छापून घ्या. सगळ्या इनपुटना सेकंदाला १८ गिगाबिटची मर्यादा असेल, तर पूर्ण रंगांसह ४के १२० त्यातून जाऊच शकत नाही. ४के ६० लाच जवळपास तेवढी क्षमता लागते. हे पान हाती असेल तर प्रयोगशाळेची गरज पडत नाही, आणि त्याचं महत्त्व मोठं आहे. कलम ३८ नुसार तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, तपासणीची फी तुम्हाला भरावी लागू शकते आणि निकालाची अपेक्षित मुदत ३ महिन्यांवरून ५ महिने होते. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

कोणी तुम्हाला सांगेल, 'हा तर सगळ्याच रिसीव्हरचा जुना रोग.' तसं नाही. २०२० च्या अखेरीस १२० हर्ट्झचा दावा करणारे काही नवे रिसीव्हर एचडीएमआय चिपच्या दोषामुळे ठरावीक कन्सोलला काळा पडदा दाखवत होते. पुढे कुठे बाहेरून जोडायचा ॲडॅप्टर देण्यात आला, कुठे बोर्ड बदलून मिळाला. तिथे दावा कंपनीचा होता, म्हणून जबाबदारीही कंपनीची. तुमच्या मॉडेलबद्दल कंपनीनं १२० चा दावा कधी केलाच नाही, तो दुकानदारानं केला. म्हणून विरुद्ध पक्ष दुकानदारच ठेवा. कंपनी तुमची साक्षीदार आहे, तिला उगाच प्रतिपक्ष करू नका. सर्व्हिस सेंटरकडून मॉडेल, सीरियल नंबर आणि वॉरंटी नाकारण्याचं कारण लिहिलेलं जॉबशीट किंवा ई-मेल मागा.

तोच कागद वॉरंटीच्या तक्रारीलाही लागेल. तीन वर्षांची वॉरंटी दुकानदारानं स्वतः लिहून दिली आहे. ती कंपनीची असेल असं तुम्ही समजलात हे स्वाभाविक, पण कंपनीची नसेल तर त्याची स्वतःची धरली पाहिजे. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असणं २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. ती पट्टीच नसेल तर माल कुठल्या वाटेनं आला हे वेगळं सांगावं लागणार नाही, आणि वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे स्वतंत्र तक्रारही करता येईल. रिसीव्हरच्या मागच्या बाजूला २२०-२४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही आजच बघा. परदेशातले काही सेट १०० किंवा १२० व्होल्टचे असतात. तसा असेल तर तो चालवू नका.

कच्च्या पावतीबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. जीएसटी वाचवायला तुम्ही कबूल झालात हे दुकानदाराचा वकील पहिल्याच जबाबात काढेल. लपवू नका, तक्रारीत स्वतःच लिहा. पण त्यानं तुमचा हक्क बुडत नाही. बिल न देणं ही वर सांगितलेल्या कलम २(४७) मध्येच नोंदलेली अनुचित प्रथा आहे आणि ती विक्रेत्याची आहे. व्यवहार झाला याला यूपीआयची नोंद आहे, पावतीवर पूर्ण रक्कम आहे, आणि २२ हजारांबद्दल तुमच्या भावाचं शपथपत्र देता येईल. व्हॉट्सॲपचा संवाद ज्या फोनवर झाला तो फोन विकू नका, रिसेट करू नका. संवाद एक्स्पोर्ट करा, समोरचा नंबर आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आयोग साक्षीच्या नियमांबाबत कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी प्रमाणपत्र असलं की वादच उरत नाही.

राहिल्या दोन तक्रारी. आपोआप बंद पडण्याचं कारण ४ ओहमचे स्पीकर असू शकतात. कित्येक रिसीव्हर किमान ६ ओहमसाठी बनवलेले असतात आणि त्याखाली जास्त करंट ओढला गेला की संरक्षणासाठी बंद होतात. पण कारण तुमचं बंद कपाटही असू शकतं, कारण या यंत्राला वरून मोकळी हवा लागते. आधी रिसीव्हर बाहेर काढून बघा. उघड्यावरही बंद पडत असेल आणि मॅन्युअलमध्ये ४ ओहमची मनाई छापलेली असेल, तर ही तक्रार जोडा, कारण ४ ओहमही तुम्ही लेखी कळवले होते. मनाई छापलेली नसेल तर सोडा. स्थानिक मेकॅनिकला पत्रा मात्र उघडू देऊ नका.

१०० वॉटचा नाद नको. तो आकडा बहुधा एकच चॅनल चालू असताना, ६ ओहमवर आणि १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर मोजलेला असेल. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत ती अट सापडेल. दोन चॅनल, ८ ओहम आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं मोजलं तर तोच रिसीव्हर बराच कमी आकडा दाखवतो. ग्राहकाची यात दिशाभूल होते असं माझंही मत आहे, पण आकडा कंपनीनं अटीसह छापला आहे आणि दुकानदारानं तो नुसता पुढे दिला. त्यावर लढून हाती काही लागणार नाही.

आता नोटीस. ती सक्तीची नाही, पण पाठवा. एका पानात गरज कळवल्याची तारीख, त्याचं उत्तर जसंच्या तसं, रक्कम, दोष, आणि १५ दिवसांत माल परत घेऊन ९२ हजार द्यावेत ही मागणी. पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा, तीच प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. रिसीव्हर रोज वापरणं थांबवा. परत करायचा म्हणता आणि वापरत राहता, याचा अर्थ माल स्वीकारला असा लावला जातो. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण काही दुकानदार तेवढ्यानंही वळतात.

नोटीस गेल्यावर तो बहुतेक दुसरा रिसीव्हर देऊ करेल. सरसकट नाही म्हणू नका, पण या वेळी फोनवर काहीही ठरवू नका. किती इनपुट ४के १२० घेतात आणि किती गिगाबिटचे आहेत, ४ ओहमला कंपनीची परवानगी आहे का, ५.१.२ (पाच स्पीकर, एक सबवूफर, छतात दोन) साठी लागणारे सात ॲम्प्लिफायर चॅनल आहेत का, ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणण्याची सोय) आहे का, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलशी स्वतः ताडून बघा. सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मिळणार नसेल, तर बदली घेऊ नका, पैसेच मागा. शक्य असेल तर गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या एखाद्या दुकानात तुमचे स्पीकर आणि कन्सोल नेऊन चालवून बघा. चार पैसे जास्त पडतील, पण चालतं की नाही ते पैसे देण्याआधी कळेल.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मागणीत रक्कम, त्यावरचं व्याज, मानसिक त्रासाची बेताची भरपाई आणि खर्च लिहा. ९२ हजारांच्या मालासाठी पाच लाखांची भरपाई मागू नका, त्यानं तुमच्या खऱ्या मागणीवरचा विश्वास कमी होतो. सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहण्यासाठी अर्जही करता येतो. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची आहे. ती रक्कम दिल्याच्या तारखेपासूनच धरून चाला, आणि 'देतो, बघतो' अशा मेसेजनं किंवा तुमच्या नोटिशीनं ती वाढत नाही हे लक्षात ठेवा.