शिबिराच्या न्हाणीघरांसाठी देणगी मागताना

ख्रिस्तात सलाम. ‘सोयीसुविधांसाठी मदत करा’ असे मोघम आवाहन करू नका. गळका पत्रा, मुलींच्या न्हाणीघराची न लागणारी कडी आणि पहाटे एकाच नळापुढे लागलेली बादल्यांची रांग यांचे फोटो मे महिन्यातच काढून ठेवा, कारण पावसाळा सरेपर्यंत चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीलाही त्यांचा विसर पडतो. पहिल्या वर्षी मी ते केले नाही आणि रिकाम्या हाताने परतलो.

गवंड्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि कापणीच्या सणाला चर्चच्या मंडळीपुढे ठेवा. त्या दिवशी अर्पण म्हणून आलेल्या पिकांच्या लिलावात शेवग्याच्या शेंगांची जुडीसुद्धा चढ्या भावाने जाते.

हिशेबात मात्र काटेकोर राहा. आयकरातील सवलत हवी असलेल्या दात्याकडून २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेऊ नका. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या एखाद्या जुन्या शिबिरार्थीने पैसे देऊ केले, तर परकीय देणग्यांविषयीच्या २०१०च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्याशिवाय, कितीही मोह झाला तरी, ते स्वीकारू नका. दात्यांच्या नावाची फरशी बसवण्याचे वचन तर कोणालाच देऊ नका. आमच्याकडे एका पाण्याच्या टाकीवरून दोन घराण्यांत अबोला धरला गेला.