वडिलांच्या जुन्या बुलेटचा बॉबर करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९६ ची बुलेट ३५०, वडिलांच्या नावावर. वडील गेल्यापासून नऊ वर्षं गावी गोठ्यात उभी. बजेट ८० हजार. गॅरेजवाला म्हणतोय, चेसिसचा मागचा भाग कापून 'हार्डटेल' (मागे शॉकअब नसलेली गाडी) करू, १६ इंची जाड टायर टाकू, महिन्याभरात गाडी घेऊन जा.

सुरुवात त्या गॅरेजवाल्याला "जरा थांबा" म्हणण्यापासून करा.

मी मेकॅनिक नाही. कोल्हापुरात राहतो, हिशेब लिहिण्याचं काम करतो. माझ्या १९८९ च्या बुलेटचा बॉबर तीन महिन्यांत होईल असं घरी सांगून बसलो होतो, लागले चौदा. त्यातले निम्मे महिने माझाच घोळ निस्तरण्यात गेले. त्यामुळे काय करावं यापेक्षा काय करू नये, हे मला जास्त नीट सांगता येईल.

आधी बॉबर म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा, कारण गॅरेजात बॉबर, चॉपर, कॅफे रेसर सगळं एकाच टोपलीत असतं. आपल्याकडे 'बॉबकट' म्हणतात ना, त्यातलाच हा बॉब. म्हणजे आखूड कापलेलं. अमेरिकेत १९३०-४० च्या दशकांत, आणि दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे तर फारच, लोक आपल्या जड हार्ले आणि इंडियन गाड्यांचं पुढचं मडगार्ड काढून टाकायचे, मागचं आखूड करायचे, नको तो पत्रा उतरवायचे. गाडी हलकी व्हावी, पळावी, एवढाच हेतू. चेसिस तसंच राहायचं. चेसिस कापून पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) लांब करण्याचं खूळ नंतरचं, ते चॉपरचं. आणि त्या काळच्या हार्लेला मागे शॉकअब मुळातच नसायचे. म्हणून बॉबर 'हार्डटेल' दिसतो. तुमच्या बुलेटला कारखान्यातूनच स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, शॉकअबसोबत वर-खाली हलणारा दांडा) आहे. तो कापून काढणं म्हणजे बॉबर नव्हे, नक्कल.

बरं, जुन्या बुलेटच्या चेसिसची एक गोष्ट गॅरेजवाले सांगत नाहीत. पुढचा नळ इंजिनापर्यंत येऊन संपतो, तिथून इंजिनच चेसिसचं काम करतं. मागचा त्रिकोण नव्याने जोडायचा तर जिगवर (चेसिस मापात घट्ट धरणाऱ्या साच्यावर) बांधून, दोन्ही चाकं एका रेषेत मोजूनच जोडावा लागतो. गॅरेजच्या फरशीवर विटा लावून वेल्डिंग केलं, तर चाक दोन-चार मिलिमीटर सरकतं आणि गाडी आयुष्यभर एका अंगाला ओढते. मी तर अख्खं चेसिस कापलंही नव्हतं. मागच्या मडगार्डला धरणारा नळाचा वळसा फक्त ग्राइंडरने उडवला होता. तो परत जोडताना आत ठोस तुकडा घालून, भोकं पाडून, बाहेरून-आतून वेल्ड करावं लागलं. उद्यमनगरातल्या ज्या फॅब्रिकेटरने ते केलं, त्याने पैसे घेतले आणि वर अर्धा तास ऐकवलंही.

कागदांचं पटकन सांगतो, पण हे पहिलं काम आहे. वारसाहक्काने नाव बदलायला फॉर्म ३१, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग असतं, ते तुमचं नक्की संपलेलं असणार. उशिराचं शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल. पासिंगला गाडी मूळ रूपात न्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावलं. कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रंगसुद्धा आरसीवर असतो, हे लोक विसरतात. इंजिन, चेसिस नंबर, चेसिसचा आकार यांना हात लावू नका. विम्याच्या दाव्याच्या वेळी न कळवलेले बदल आडवे येतात, तेही आलंच. नियमांच्या काठावरून चालायचंच असेल, तर निदान परत मागे येता येईल असं चाला.

म्हणून माझा एकच नियम: जे उतरवाल ते बोल्टने उतरवा आणि पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. उद्या कंटाळा आला, पासिंग आलं, आईला वडिलांची गाडी होती तशी बघावीशी वाटली, तर एका रविवारात ती परत उभी राहिली पाहिजे.

(गाडी १९९६ ऐवजी पन्नास वर्षांपूर्वीची असती, तर मी 'काहीच करू नका' म्हटलं असतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तसली गाडी कापणं हे पाप.)

आता इंजिन. नऊ वर्षं उभी गाडी लगेच किक मारून बघू नका. प्लग काढून आत थोडं तेल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून हळूच किक फिरवा. फिरली तर निम्मी लढाई जिंकलात. टाकीचा तळ गंजलेला असणार. आत मूठभर नट आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घालून हलवत बसा, सगळी तपकिरी माती बाहेर येईल. टाकीला भोक असेल तर परस्पर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पेट्रोल संपलं तरी वाफ आत असते. पूर्ण रिकामी, धुतलेली आणि पाणी भरलेली टाकीच त्याच्या हातात द्या. पेट्रोलचे जुने रबरी पाइप सरळ फेका. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते फुगतात, भुगा होऊन कार्ब्युरेटरात उतरतात. मग गाडी मूळ अवस्थेतच दोन-तीन महिने चालवा. ब्रेक, क्लच, टॅपेट, तेलगळती, जे रडायचं ते या काळात रडून घेईल. सुंदर रंगवलेली गाडी इंजिनासाठी पुन्हा उघडताना रंगावर पहिला ओरखडा आपल्याच पान्याचा उठतो, हे अनुभवाचे बोल.

त्या काळात संध्याकाळी करायचं काम म्हणजे फोटो. गाडी मेन स्टँडवरून खाली घ्या, सरळ उभी धरायला कुणाला तरी सांगा, त्याला गाडीमागे लपवा आणि वीसेक फुटांवरून, चाकाच्या हबच्या उंचीला मोबाइल धरून, बाजूने फोटो काढा. वरून काढलेल्या फोटोत सगळी मापं खोटी दिसतात. मोठा प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि सीट, टाकी, मागचं मडगार्ड नवं काढून बघा. मी एकवीस कागद फाडले. गाडी देखणी होते ती टाकीचा तळ आणि सीट एका सलग ओळीत उतरली की; झगमगाट कमी पडला म्हणून बॉबर कुरूप झालेला मी पाहिलेला नाही. मग त्याच मापाचं मडगार्ड जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कापा, चिकटपट्टीने गाडीला लावा आणि आठवडाभर येता-जाता बघा. पुठ्ठा फुकट असतो, पत्रा नसतो.

सीट: बुलेटला एकाच माणसाची, खाली स्प्रिंगा असलेली गादी नवी नाही. जुन्या बुलेटना, लष्कराच्या गाड्यांना ती असायचीच. त्यामुळे तसली सीट जुन्या बाजारात मिळते, नाही मिळाली तर कुशनवाला करून देतो. पहिली सीट मी फोटोतल्यासारखी पातळ करून घेतली होती. कोल्हापूर ते राधानगरी जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात उभ्यानेच काम केलं. आरसीवर बसायची क्षमता दोन लिहिलेली आहे, म्हणून मागची सीट आणि साडीगार्ड त्या माळ्यावरच्या पोत्यात सगळ्यात आधी जपून ठेवा. लग्न झालेलं असेल, तर मागची सीट काढण्याची परवानगी आरटीओच्या आधी कुणाकडून घ्यायची ते तुम्हाला ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त डोकं लागतं ते मागच्या मडगार्डला. ते दोन तऱ्हांनी बसतं. चेसिसला बांधलं, तर चाक खड्ड्यात वर उसळतं तेव्हा टायर मडगार्डला लागता कामा नये, म्हणून मध्ये चांगली पोकळी ठेवावी लागते आणि ती पोकळी दिसायला वाईट. स्विंगआर्मला बांधलं, तर मडगार्ड चाकासोबतच वर-खाली होतं, दोन बोटांचं अंतर पुरतं आणि खरा बॉबर दिसतो. पण मग प्रत्येक खड्डा थेट मडगार्डच्या पट्ट्यांवर. माझ्या पहिल्या पट्ट्या तीन मिलिमीटरच्या होत्या, चार महिन्यांत चिरल्या. आता पाचच्या आहेत, मध्ये रबरी बुश, आणि टेललाइटच्या वायरला मुद्दाम ढील ठेवलीय. कोणतीही तऱ्हा निवडा, शॉकअब सोडून चाक हाताने पूर्ण वर उचलून बघितल्याशिवाय भोक पाडू नका.

शॉकअबच्या जागी लोखंडी दांडे लावून 'हार्डटेलसारखं' करायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. मी लावले होते. सहा आठवड्यांत टेललाइटचे तीन बल्ब गेले, टाकीच्या पट्टीला चीर गेली आणि माझ्या कमरेने साथ सोडली. आपल्या रस्त्यांवर नको. मागची उंची कमी करायची तर इंचभर आखूड शॉकअब लावा, पण त्याने काय बदलतं तेही बघा. पुढचा फोर्क आणखी मागे रेलतो, हँडल आळशी होतं, आणि मेन स्टँड स्पीडब्रेकरला घासू लागतो. चेनचा ताणही परत बघावा लागतो. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), स्विंगआर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वात ताठ होते, ढील तेव्हाची मोजा.

आता ते १६ इंची टायर. इथे एक गंमत आहे. बुलेटचं नेहमीचं ३.२५-१९ टायर धरा (आधी रुंदी, मग रिमचा व्यास, इंचांत; टायरची उंची साधारण रुंदीएवढीच): १९ अधिक दोनदा ३.२५, म्हणजे बाहेरून साधारण साडेपंचवीस इंच. आणि ५.००-१६? १६ अधिक दहा, सव्वीस. म्हणजे गाडी त्याने खाली येत नाही, गिअरिंगही फारसं बदलत नाही. बदलते ती रुंदी, पावणेदोन इंचांनी, दोन्ही बाजूंना पाऊण इंचाहून जास्त. तिथे चेन असते. मी रिम, स्पोक, टायर सगळं विकत घेऊन, बसवून, मग बघितलं: टायर चेनला घासत होतं. ते टायर अजून गॅलरीत आहे, बायकोने त्यात कढीपत्ता लावलाय. शेवटी ४.००-१८ वर थांबलो. बाहेरून तेही सव्वीसच, रुंदी मात्र बाजूला जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर वाढली. टायर घेण्याआधी जुन्या टायरच्या कडेपासून चेनपर्यंत आणि स्विंगआर्मपर्यंत पट्टी लावून लिहून घ्या.

पुढचं मडगार्ड पूर्ण काढू नका. ते फोर्कचे दोन पाय एकमेकांना बांधून ठेवतं. आखूड करा, पण बांधणी ठेवा. पुढचा ब्रेक काढण्याची फॅशन परदेशी फोटोंत दिसते, ती फोटोतच राहू द्या. सायलेन्सरला गुंडाळायची ती पांढरी पट्टी आपल्या पावसात ओली राहते आणि आतून नळी खाते. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला, तर हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. मेन जेट (कार्ब्युरेटरातलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलावा लागतो, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ कोण अडवणार? मी डबा ठेवला, काळा रंगवला. कुणाला दिसतही नाही.

पैशाचं म्हणाल तर माझी वही उघडतो. इंजिन-गिअरबॉक्स २६,०००, रिम-स्पोक-टायर १३,५००, वायरिंग आणि बॅटरी ६,५००, मडगार्ड-सीट-पट्ट्या ९,०००, रंग ८,०००. झाले ६३,०००. त्याखाली लाल शाईत 'चुका: १९,०००'. तुमच्या ८० हजारांत बसेल, फक्त इंजिनाचे पैसे आधी बाजूला काढा आणि रंगाचे शेवटी. उलट क्रमाने खर्च केलेल्या गाड्या 'अर्धवट प्रोजेक्ट, अर्जंट विकणे' म्हणून जाहिरातीत दिसतात. आणि नुसता बॉबरचा तोरा हवा असेल, तर जावाचा पेराक २०२० पासून आणि रॉयल एनफिल्डची गोअन क्लासिक २०२४ पासून कारखान्यातूनच तसल्या मिळतात, पासिंगची कटकट नाही. पण तुम्ही वडिलांच्या गाडीबद्दल विचारताय, तेव्हा ते उत्तर तुम्हाला नकोय हे मला कळतं.

वेळेचं म्हणाल तर कागद आणि इंजिन आत्ता, कापाकापी दिवाळीनंतर. पहिल्या जूनमध्ये मी हौसेने गगनबावड्याला गेलो. आखूड मडगार्डने उडवलेल्या चिखलाची रेघ कमरेपासून मानेपर्यंत, हेल्मेटच्या मागेसुद्धा. घाटातल्या चहावाल्याने बाकावर आधी गोणपाट टाकलं, मग म्हणाला, बसा. तेव्हापासून पावसाळ्याचं म्हणून मूळ लांब मडगार्ड पोत्यातून काढतो. चार बोल्ट, वीस मिनिटं.

बाजूचा फोटो काढलात की इथेच टाका. शॉकअबच्या वरच्या खिळीपासून मागच्या आसापर्यंतचं माप सोबत लिहा, म्हणजे मडगार्ड कुठवर आखूड करता येईल ते बघून सांगतो.