वाचकांचे प्रश्न: ग्लुटेनमुक्त खरेदी आणि फ्रीझरमधली पाकिटं

प्रश्न: मुलीला नुकतंच सिलिॲकचं निदान झालं आहे. दुकानात कुठे ‘ग्लुटेन-फ्री’, तर कुठे ‘व्हीट-फ्री’ छापलेलं दिसतं. दोन्ही चालतील का?

उत्तर: नाही. सिलिॲक या आजारात ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, आतड्याला इजा करतं. ‘व्हीट-फ्री’ पदार्थात गहू नसतो, पण बार्ली किंवा राय असू शकते आणि ग्लुटेन त्यांतही असतं. ‘ग्लुटेन-फ्री’ला मात्र मोजमाप आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग). अनेक देशांनी हीच मर्यादा घेतली आहे.

तसं काही छापलेलं नसेल तर पाकीट उलटा आणि घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. मैदा, रवा लगेच दिसतात. नजरेतून सुटतात ते माल्ट एक्स्ट्रॅक्ट (हे बार्लीचं, अनेक कॉर्नफ्लेक्समध्ये असतं), स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार), ट्रिटिकेल (गहू आणि राय यांचा संकर) आणि नेहमीचा सोया सॉस (त्यात गहू असतो). ॲलर्जीच्या ठळक ओळीवर एकटीवर विसंबू नका. काही देशांत त्या ओळीत गहू लिहिणं बंधनकारक आहे, बार्ली नाही. साधे ओट्स घेऊच नका. शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत त्यांत गहू मिसळतो. ‘ग्लुटेन-फ्री’ ओट्सही काही रुग्णांना सोसत नाहीत, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मात्र नावात ‘माल्ट’ असूनही चालतं. सुटं, मोठ्या डब्यांतून मापून मिळणारं पीठ टाळा, कारण एकच चमचा सगळ्या डब्यांत फिरतो.

प्रश्न: भात आणि भाज्यांचं फ्रोझन जेवण घेतलं, तरी त्रास झाला. यात गहू कुठून येणार?

उत्तर: बहुधा रश्शातून. सॉस दाट करायला मैदा हा सर्वांत सोपा घटक, आणि तयार स्टॉकमध्येही तो असतो. कटलेट, मीटबॉल बांधायला ब्रेडचा चुरा घालतात. फ्रोझन बटाट्याच्या काड्या कुरकुरीत व्हाव्यात म्हणून त्यांना पिठाचा पातळ थर दिलेला असू शकतो. म्हणून फ्रीझरच्या कप्प्यात शक्यतो दोनच गोष्टी घ्या: ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं तयार जेवण, किंवा घटकांत फक्त भाजी, मासा, फळ एवढंच लिहिलेलं पाकीट. मसाला लावलेलं काहीही पुन्हा तपासायला हवं. एकाच कंपनीची एक चव चालते म्हणून दुसरी चालेलच असं नाही. कृती बदलतात, त्यामुळे ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचा.

सोबत मीठही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम हवं. एका जेवणात ८०० असेल, तर दिवसाचा ४० टक्के वाटा तिथेच संपला. पाकिटात बर्फाचे मोठे स्फटिक किंवा एका कोपऱ्यात गोठलेला गोळा दिसला, तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठलं असण्याची शक्यता आहे, ते घेऊ नका.

प्रश्न: ग्लुटेनमुक्त ब्रेड फ्रीझरमध्येच का मिळतो? घरी आणल्यावर त्याचा भुगा होतो.

उत्तर: ग्लुटेनची जाळी नसल्याने हा ब्रेड मुख्यतः स्टार्चवर उभा असतो. भाजल्यानंतर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ब्रेड कडक, कोरडा होतो. हे सर्वांत वेगाने घडतं फ्रिजच्या तापमानाला. उणे १८ अंशांवर जवळजवळ थांबतं. त्यामुळे ब्रेड फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. आणल्यावर लगेच दोन-दोन कापांत कागद घालून फ्रीझरमध्ये टाका आणि न वितळवता थेट भाजा. उष्णतेने तो पुन्हा मऊ होतो, पण थोडाच वेळ, म्हणून गरम असतानाच खा. टोस्टर मात्र वेगळा हवा. घरातल्या इतरांच्या ब्रेडचे कण त्याच्या तारांवर असतात आणि ते धुऊन निघत नाहीत. वेगळा टोस्टर शक्य नसेल, तर स्वच्छ तव्यावर भाजा.

प्रश्न: फ्रोझन जेवण गरम केलं की सॉसला पाणी सुटतं. खराब झालंय का?

उत्तर: सहसा नाही. मक्याच्या स्टार्चने दाट केलेला सॉस गोठून वितळला की पाणी सोडतो. बाहेर वितळू देऊ नका. झाकून गरम करा, अर्ध्या वेळात ढवळा, आणि मधोमध ७५ अंश होईपर्यंत तापवा. झाकण ठेवल्याने सामायिक मायक्रोवेव्हच्या छतावरचे कणही जेवणात पडत नाहीत.

प्रश्न: मला पोटफुगीचा त्रास आहे. सिलिॲकच्या तपासणीआधी महिनाभर ग्लुटेन बंद करून पाहू का?

उत्तर: कृपया करू नका. ग्लुटेन बंद केल्यावर तपासणीत शोधली जाणारी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कमी होत जातात, आतडंही भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही तपासणी ‘नाही’ म्हणू शकते. आधी रक्ततपासणी करा, गरज असल्यास बायोप्सीही (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) होऊ द्या, मगच आहार बदला. आधीच बंद केलं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सिलिॲकशी जोडलेल्या डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांच्या तपासणीवर आहाराचा परिणाम होत नाही. ती दोन्ही नसतील, तर सिलिॲकची शक्यता जवळजवळ मिटते.