पझेशनपर्यंत ईएमआय नाही? मग कर्ज कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

बँकेच्या होम लोन विभागात सतरा वर्षं काढली, आता लोकांना घराच्या कागदपत्रांबद्दल सल्ला देते. या वेळचे निम्मे प्रश्न 'पझेशनपर्यंत व्याज बिल्डर भरेल' या एकाच स्कीमबद्दलचे होते म्हणून तिथे जास्त लिहिलंय, बाकीचे थोडक्यात.

व्याजदर अजून उतरतील असं सगळे म्हणतात, तोवर थांबू का? मी आयटीत आहे, कंपनीत माणसं कमी करतायत. ६० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट बघितलाय, १२ लाख जमलेत. (वाकड)

दरासाठी थांबू नका, नोकरीसाठी थांबा. २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला, पुढचं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मग व्हिडिओत कुणी कितीही आवेशात बोलू दे. आणि बँकेचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, कर्ज रेपोला जोडलेलं असलं की निदान तीन महिन्यांतून एकदा दर रिसेट होतोच, म्हणजे घर आज घेतलं तरी उद्याची कपात तुम्हाला मिळणारच आहे. खरी अडचण तुमच्या १२ लाखांत आहे. बँक जास्तीत जास्त ८० टक्के म्हणजे ४८ लाख देईल, उरलेले १२ लाख तुमचे, आणि बँकेच्या हिशेबात स्टॅम्प ड्युटी धरत नाहीत. तुमच्याकडे ७ टक्के ड्युटी म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, ५ टक्के जीएसटीचे ३ लाख. खिशातून एकूण साडेएकोणीस लाख जाणार, आणि ते देऊनही सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एफडीत शिल्लक राहायला हवा. तो राहत नसेल तर आणखी वर्षभर भाड्याने राहिलात म्हणून काही बिघडत नाही. टोकन देण्याआधी हा हिशेब एखाद्या सीएसमोर ठेवा.

कर्ज लवकर फेडलं तर दंड लागतो का? (सातारा)

फ्लोटिंग दराचं घरकर्ज असेल तर नाही, फिक्स्ड असेल तर सँक्शन लेटर वाचा.

बिल्डर म्हणतो फक्त १० टक्के भरा, पझेशनपर्यंत एक रुपया ईएमआय नाही, व्याज आम्ही भरू. घ्यावं का? (डोंबिवली, पिंपरी, पनवेल आणि आणखी बऱ्याच जणांचा प्रश्न)

हा प्रश्न बघितला की मला सल्ल्यासाठी आलेलं एक जोडपं आठवतं. बाईंनी पर्समधून घडी घातलेला ब्रोशर काढला, त्यावर 'झिरो ईएमआय' असं तळहाताएवढ्या अक्षरात, आणि त्यांच्या मिस्टरांनी मोबाइल पुढे केला, त्यात बँकेचा मेसेज, हप्ता बाउन्स. ते म्हणत होते मॅडम काहीतरी चूक झालीय, हप्ता तर बिल्डरचा आहे. बँक, बिल्डर आणि ते दोघं असा जो त्रिपक्षीय करार झाला होता तो मी मागवून घेतला. आतल्या एका पानावर बारीक अक्षरात सरळ लिहिलं होतं की बिल्डरने व्याज भरलं नाही तरी कर्जदाराची जबाबदारी कायम राहील. खाली दोघांच्या सह्या, पानापानावर. ४२ लाख बिल्डरला जाऊन पोचले होते, साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज २९,७५०, वर घरभाडं १९ हजार, आणि इमारत सहाव्या मजल्यावर थांबलेली. तक्रार करेपर्यंत दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खाली आला होता.

ही स्कीम काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सेल्स ऑफिसात कुणी हे सांगणार नाही. कर्ज तुम्ही घेता. बँक ते बिल्डरला देते. बिल्डरला तुमच्या नावावर स्वस्तात पैसा मिळतो आणि बदल्यात तो काही महिने व्याज भरायचं वचन देतो. त्याच्याकडचा पैसा आटला की पहिल्यांदा थांबतं ते हेच व्याज, आणि मार्केट डळमळीत असतं तेव्हाच पैसा आटतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच सोडा, २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा स्कीमपासून लांब राहायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या अशाच प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने सीबीआयला चौकशीला लावलं. तरी दर दिवाळीला नवं नाव लावून हीच स्कीम परत येते, आणि माणसं परत सही करतात, याचा मला खरंच त्रास होतो.

म्हणून एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: बँकेतून पैसे कधी सुटणार? स्लॅब पडेल तसे सुटणार असतील, किंवा पझेशनच्या वेळीच कर्ज घ्यायचं असेल, तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. आत्ताच मोठी रक्कम जाणार असेल तर उठा. १० टक्क्यांच्या वर पैसे मागत असतील तर रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे आधी रजिस्टर्ड ॲग्रीमेंट लागतं, 'सगळे असंच देतात' हे उत्तर चालत नाही. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टची मूळ तारीख, किती वेळा मुदतवाढ घेतली, कोर्टकेसेस किती, सगळं फुकट दिसतं, अर्धा तास लागतो. उशीर झाला तर कलम १८ खाली व्याजासह पैसे परत मागता येतात, खरं आहे, पण आदेश मिळणं वेगळं आणि वसुली होऊन पैसे हातात पडणं वेगळं. तोपर्यंत बँकेचा हप्ता थांबत नाही. सही करायच्या आधी त्रिपक्षीय करार वकिलाला दाखवा, बिल्डरच्या वकिलाला नाही, स्वतःच्या.

२०२१ मध्ये २० वर्षांचं कर्ज घेतलं. हप्ता तेवढाच आहे पण स्टेटमेंटमध्ये अजून २३ वर्षं दाखवतंय. बँकेने फसवलं का? (नाशिक)

फसवलं नाही, पण नीट सांगितलंही नाही. ५० लाख, ६.७ टक्के, २० वर्षं, तर हप्ता साधारण ३७,८७०. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, दर ९.२ झाला, म्हणजे ५० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज ३८,३३३, हप्त्यापेक्षाही जास्त. अशा वेळी हप्ता तोच ठेवला की मुद्दल जवळजवळ हलत नाही, वर्षं तेवढी वाढतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे हप्ता वाढवायचा की मुदत हे निवडायचा हक्क तुमचा आहे. ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, २०२५ ची कपात तुमच्या खात्यात पूर्ण उतरली का ते विचारा, आणि हप्ता खाली घेऊ नका, मुदत कमी करून घ्या. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर दर रेपोला जोडलेला असेलच असं नाही, मग दुसऱ्या बँकेत ट्रान्सफरचा खर्च काढून तुलना करा. हे अर्ज 'पुढच्या महिन्यात देऊ' म्हणून ठेवू नका.

बँकवाले म्हणतात इन्शुरन्स घेतल्याशिवाय लोन सँक्शन होणार नाही. (कोल्हापूर)

लेखी मागा, देणार नाहीत. कुटुंबासाठी टर्म प्लॅन जरूर घ्या, पण चार ठिकाणी प्रीमियम विचारून, आणि एकरकमी प्रीमियम कर्जात मिळवून त्यावर वीस वर्षं व्याज भरू नका.

बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी? (ठाणे)

१ टक्का कमी, पण खरेदीदार फक्त महिला असेल तरच, तुमचं नाव जोडलंत की सवलत गेली.

रिसेल फ्लॅट आहे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, पण सहा वर्षं सगळे राहतायत, एजंट म्हणतो येईलच. (हडपसर)

सहा वर्षांत आली नाही ती का आली नाही, हे महापालिकेत जाऊन विचारा, एजंटला नको. आर्किटेक्टचं कम्प्लिशनचं पत्र म्हणजे ओसी नव्हे. पार्ट ओसी, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरती, दाखवली तर त्यात तुमची विंग आणि तुमचा मजला आहे का ते बोट ठेवून वाचा. कित्येक बँका ओसीशिवाय रिसेलला कर्ज देत नाहीत, म्हणजे उद्या तुम्हाला विकायचं झालं तर गिऱ्हाईकही रोख पैसेवालंच शोधावं लागेल. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीची एनओसी आणि मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाने बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

कर्ज फिटून दोन महिने झाले, मूळ कागदपत्रं मिळत नाहीत. (अमरावती)

३० दिवसांत द्यायला हवीत, उशीर बँकेमुळे असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. आजच ईमेल करा, उत्तर नाही आलं तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, जा.