रेयॉन कृत्रिम, पण संश्लेषित नव्हे

प्रश्न असा आला आहे: पुस्तकांत बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरांचे, 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' असे दोन गट असतात. रेयॉन लाकडापासून होतो, नायलॉन खनिज तेलातल्या रसायनांपासून, तरी दोघांनाही 'कृत्रिम धागा'च म्हणतात. मग हा शब्द लावायचा तरी कशावरून? कच्चा माल पाहून की कारखाना पाहून?

माझ्या मते दोन्हींवरून नाही. रेणूंची साखळी कोणी जोडली, ते पाहावं. आणि ते नीट सांगायला एकटा 'कृत्रिम' पुरत नाही.

आधी 'बहुवारिक' पाहू. यातला 'वार' म्हणजे खेप, पाळी. 'वारंवार'मध्ये आहे तोच. एक लहान रेणू, म्हणजे एकवारिक, पुन्हा पुन्हा जोडला जाऊन हजारो कड्यांची साखळी होते. कापसात ही कडी ग्लुकोजची असते, रबराच्या चिकात आयसोप्रीनची, रेशमात अमिनो आम्लांची. 'पॉलिमर' हा शब्द स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसने १८३३ मध्ये वापरला, पण त्याच्या डोळ्यांसमोर साखळी नव्हती. घटकांचं प्रमाण तेच, पण रेणुभार पटीत वाढलेला, अशा संयुगांना तो हे नाव देत होता. लांब साखळीची कल्पना जर्मन रसायनज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली, तेव्हा मोठमोठ्या रसायनज्ञांना ती पटली नव्हती. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. हिंदीतल्या 'बहुलक'पेक्षा मला आपला 'बहुवारिक' सरस वाटतो, कारण त्यात नुसतं 'पुष्कळ' नाही, पुन्हा पुन्हा घडणंही आहे.

आता 'कृत्रिम'. आज या शब्दाला नकली, खोटं अशी छटा चिकटली आहे. 'कृत्रिम हसू' म्हणतो तशी. मूळ अर्थ मात्र 'करण्याने सिद्ध झालेलं' एवढाच. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार दिले आहेत, त्यांत औरस आणि दत्त यांच्याबरोबर 'कृत्रिम' पुत्रही आहे. तो खोटा मुलगा नव्हे. जन्म दुसऱ्या घरी झालेला, पण गुण पाहून कोणी आपला पुत्र केलेला, असा तो मुलगा. रेयॉनला हे नाव याच अर्थाने चपखल बसतं. त्यातलं सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी, जन्माला येतं झाडात, त्याचा धागा करतो माणूस.

व्हिस्कोस रेयॉनची रीत पाहिली की हे स्पष्ट होतं. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, मग कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा दाट पाक करतात आणि तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात सोडतात. तिथे पुन्हा सेल्युलोजच वेगळं होतं, पण आता अखंड धाग्याच्या रूपात. साखळी वाटेत थोडी आखूड होते. कड्या मात्र ग्लुकोजच्या त्याच, झाडाने जोडलेल्या. म्हणून रेयॉन जाळला की कापसासारखाच जळक्या कागदाचा वास येतो आणि हलकी राख उरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. कापडवाल्यांची ही जुनी परीक्षा रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

नायलॉनची गोष्ट वेगळी. अमेरिकन रसायनज्ञ वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये जी साखळी तयार झाली, ती कोणत्याही झाडात, किड्यात किंवा प्राण्यात नव्हती. दोन लहान संयुगं, प्रत्येकात सहा कार्बन, एकाआड एक जोडत नेली. 'नायलॉन ६,६' या नावातले दोन सहा तेच. त्याआधी १९०७ मध्ये बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट हे टणक प्लास्टिक केलं, तेही असंच मुळापासून जुळवलेलं. तिथे साखळीऐवजी जाळं झालं, इतकाच फरक. अशा पदार्थांना 'संश्लेषित' म्हणावं. श्लिष् म्हणजे चिकटणं, बिलगणं. संश्लेषण म्हणजे जोडून एक करणं. त्याच धातूचा 'विश्लेषण' आपण रोज वापरतो, मग हा शब्द जड म्हणून टाळायचं कारण नाही.

इथे एक रास्त शंका निघते. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतो, म्हणजे झाडही संश्लेषणच करतं ना? करतं. पण बहुवारिकांबद्दल बोलताना 'माणसाने केलेलं संश्लेषण' असा संकेत रूढ आहे आणि तो पाळला की गोंधळ होत नाही.

कच्च्या मालावरून नाव का ठरवू नये, याचं उत्तम उदाहरण पॉलिलॅक्टिक आम्लाचं. मक्याची किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याची साखळी कारखान्यात जोडतात. शेतातून आलं तरी ते संश्लेषितच. उलट, गंधक घालून तापवलेलं टायरचं नैसर्गिक रबर घ्या. गुडइयर यांना ही युक्ती १८३९ मध्ये सापडली. गंधक साखळ्यांमध्ये पूल बांधतं, पण साखळ्या झाडाच्याच राहतात. आयसोप्रीनपासून कारखान्यात केलेलं रबर रचनेने चिकातल्या रबराच्या अगदी जवळ जातं, तरी ते संश्लेषित. कारण तिथे कड्या माणसाने जोडल्या.

तेव्हा लिहिताना कापूस, लोकर, रेशीम यांना नैसर्गिक म्हणा. नायलॉन, पॉलिएस्टर यांना संश्लेषित. आणि रेयॉनला 'पुनर्जनित सेल्युलोज'. 'कृत्रिम धागे' हे रेयॉन आणि नायलॉन दोघांना पोटात घेणारं मोठं नाव म्हणून खुशाल राहू द्या. साडीच्या दुकानातलं 'आर्ट सिल्क'ही याच कुळातलं: त्यातल्या 'आर्ट'चा कलेशी संबंध नाही, तो 'आर्टिफिशियल'चा तुकडा आहे, आणि मुळात ते नाव रेयॉनचंच होतं. आता त्याच नावाखाली पॉलिएस्टरही विकलं जातं, म्हणून घेताना कोणता धागा आहे ते विचारून घ्यावं.